चिनी भाषकांना ‘सुरुवात’ शिकवताना : सेट ऑफ, ब्रेक आउट आणि त्यांची भावंडं

चिनी मातृभाषा असलेल्या, चांगल्या हुद्द्यावरच्या माणसाचं इंग्रजी वाचलं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. त्याची मीटिंग ‘कमेन्स’ होते, प्रकल्प ‘इनिशिएट’ होतो, कंपनी ‘एस्टॅब्लिश’ होते. व्याकरणाची चूक शोधून सापडत नाही, पण सगळं सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. ‘किक ऑफ’, ‘सेट अप’, ‘गेट डाउन टू’ यांसारख्या फ्रेझल व्हर्बचा, म्हणजे क्रियापद अधिक छोटा शब्द अशा जोड्यांचा, पत्ताच नसतो. विचारा, तर अर्थ सगळे माहीत असतात. वापरायची वेळ आली की माणूस बाजूने निघून जातो.

या बगल देण्यावर अभ्यासही झाला आहे. लियाओ आणि फुकुया या दोघांनी 2004 साली चिनी विद्यार्थ्यांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. मध्यम पातळीचे विद्यार्थी फ्रेझल व्हर्ब टाळून एकशब्दी क्रियापद पसंत करतात, आणि शब्दशः अर्थापेक्षा लाक्षणिक अर्थाची क्रियापदं जास्त टाळतात, असं त्यात दिसलं. पुढच्या पातळीवरच्यांमध्ये हे टाळणं बरंच कमी होतं. म्हणजे दुखणं अज्ञानाचं कमी आणि धीर न होण्याचं जास्त. शंभर फ्रेझल व्हर्बची यादी पाठ करायला दिली तर त्यावर काडीचाही उपाय होत नाही. याद्या त्यांनी शाळेपासून पाठ केलेल्याच आहेत.

हा लेख पुण्या-ठाण्यातून ऑनलाइन किंवा सिंगापूरसारख्या ठिकाणी समोरासमोर चिनी भाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांसाठी आहे. विद्यार्थी प्रौढ आहेत असं मी धरून चालतो. जुलै 2021 च्या ‘दुहेरी भार कमी’ (म्हणजे गृहपाठ आणि खासगी शिकवण्या कमी करण्याच्या) धोरणानंतर चीनमधल्या शाळकरी मुलांना परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकाने क्लास घेण्यावर तिथे बंदी आली, त्यामुळे मुख्य भूमीतलं आपलं काम मोठ्यांपुरतंच उरलं आहे. वेळेचं गणित सोपं आहे: सगळ्या चीनमध्ये एकच घड्याळ चालतं आणि ते आपल्यापुढे अडीच तास असतं. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेपाच.

सुरुवात दाखवणारी क्रियापदंच आधी का घ्यावीत? ती रोज लागतात, संख्येने आटोक्यात आहेत, आणि नेमकी इथेच चिनी भाषा शिक्षकाला मोठी मदत करते.

पहिली पायरी : टाळाटाळ उघडी पाडा

अर्थ विचारणारी चाचणी देऊ नका, त्यात सगळे पास होतात. एक छोटा संवाद द्या. दोन सहकारी, नवा प्रकल्प, सोमवारची मीटिंग, एकाने नुकतंच पोहायला जाणं सुरू केलंय, बोलता बोलता बाहेर पाऊस लागतो. जागोजागी रिकाम्या जागा ठेवा आणि प्रत्येक जागी दोन्ही चालतील असं बघा, एकशब्दी क्रियापद आणि फ्रेझल व्हर्ब. कुठलीही सूचना न देता भरायला सांगा.

बहुतेक जागी ‘स्टार्ट’ किंवा ‘बिगिन’ येईल. ‘आय बिगॅन स्विमिंग’ चूक नाही, पण मित्राशी गप्पा मारताना ‘आय टूक अप स्विमिंग’ जास्त सहज येतं. तो कागद तारीख घालून जपून ठेवा, पुढे लागणार आहे. आणि त्यावर लाल शाई चालवू नका. परीक्षांनी भरलेल्या शिक्षणातून आलेला हा विद्यार्थी लाल शाई दिसली की आणखी सुरक्षित शब्दांच्या आड जातो.

दुसरी पायरी : त्यांच्याच भाषेतला पूल दाखवा

‘चिनीमध्ये फ्रेझल व्हर्ब नसतात’ हे वाक्य शिक्षकांच्या तोंडी सर्रास असतं. ते अर्धंच खरं आहे. इंग्रजीच्या घडणीची जोडी तिथे नाही, पण क्रियापदामागे दिशा दाखवणारा शब्द लावून नवा अर्थ काढायची पद्धत चिनीत ठायी ठायी आहे. आपल्या कामाचा शब्द आहे ‘छीलाय’. मुळात त्याचा अर्थ ‘उठून येणं’, ‘वर येणं’. क्रियापदामागे लागला की तो सुरुवात दाखवतो. ‘खू’ म्हणजे रडणं, ‘खू छीलाय’ म्हणजे रडू लागणं. ‘श्याव’ म्हणजे हसणं, ‘श्याव छीलाय’ म्हणजे हसू लागणं. आपल्या ‘लागणे’चंच काम तो करतो.

(चिनी शब्द मी कानाला येतात तसे देवनागरीत लिहितोय. रोमन लिपीत ‘ब’च्या अक्षराने लिहिलेला चिनी ध्वनी प्रत्यक्षात आपला ‘प’ असतो आणि ‘प’च्या अक्षराचा आपला ‘फ’च्या जवळचा. महाप्राण-अल्पप्राणाचा हा भेद मराठी कानाला आपसूक कळतो. विद्यार्थ्यांच्या भाषेतले चार शब्द नीट उच्चारता आले, तर वर्गातला अवघडलेपणा चटकन जातो.)

याहून कामाची गोष्ट पुढे आहे. कर्म आलं की ‘छीलाय’ मधून फुटतो. पाऊस पडू लागला हे चिनी माणूस ‘श्या छी यू लाय’ असं म्हणतो. ‘यू’ म्हणजे पाऊस, आणि तो ‘छी’ आणि ‘लाय’ यांच्या मधोमध जाऊन बसलाय. गाणं म्हणू लागण्याचंही असंच: ‘छांग छी क लाय’, यातला ‘क’ म्हणजे गाणं. फळ्यावर ही दोन वाक्यं लिहा, खाली ‘सेट इट अप’ लिहा आणि काही न बोलता थांबा. क्रियापद फोडून मध्ये काहीतरी बसवणं ही परक्यांची विचित्र खोड नाही, आपणही ते रोज करतो, हे त्यांना स्वतःलाच दिसू द्या. तुम्ही सांगून जे होणार नाही ते या दोन ओळींनी होतं.

एक सावधगिरी. ‘छीलाय’ म्हणजे ‘अप’ असं समीकरण मांडू नका. ‘खान छीलाय’मध्ये तोच शब्द ‘दिसायला’ असा अर्थ देतो, तिथे सुरुवातीचा काही संबंध नाही. उलट बाजूने बघा, तर ‘खू छीलाय’ला इंग्रजीत ‘बर्स्ट आउट क्रायिंग’ किंवा ‘बर्स्ट इंटू टिअर्स’ लागतं, ‘अप’ नाही. पुलावरून पलीकडे जायचं असतं, पुलावर घर बांधायचं नसतं.

तिसरी पायरी : पार्टिकलचा स्वभाव ओळखा

क्रियापदाच्या अक्षरक्रमाने शिकवू नका. सुरुवातीच्या बाबतीत अर्थाचा मोठा भार क्रियापदामागच्या छोट्या शब्दावर, म्हणजे पार्टिकलवर, असतो.

‘ऑफ’मध्ये जागा सुटते. जिथे होतो तिथून हललो. ‘सेट ऑफ’ म्हणजे निघालो, ‘टेक ऑफ’ म्हणजे विमान जमिनीवरून सुटलं, ‘किक ऑफ’ म्हणजे चेंडूला लाथ बसली आणि खेळ सुटला. स्फोट किंवा साखळी सुरू करून देणारं ‘सेट ऑफ’ आणि ‘स्पार्क ऑफ’ही याच घरातलं. ‘टेक ऑफ’ शिकवताना पूल पुन्हा कामी येतो: विमानाच्या उड्डाणाचा चिनी शब्द ‘छीफेय’ अर्थव्यवस्थेच्या झेपेसाठीही वापरतात, अगदी इंग्रजीसारखाच. इथे समजवायला काही उरतच नाही.

‘आउट’मध्ये आतलं बाहेर येतं: ‘ब्रेक आउट’, ‘बर्स्ट आउट’, आणि घराबाहेर पडणं म्हणून ‘सेट आउट’, ‘स्टार्ट आउट’. ‘अप’मध्ये नसलेलं उभं राहतं किंवा थंड पडलेलं चालू होतं: ‘सेट अप’, ‘स्टार्ट अप’, ‘बूट अप’, ‘स्ट्राइक अप अ कॉन्व्हर्सेशन’. ‘इन’ आणि ‘इंटू’ शिरकाव दाखवतात: ‘सेट इन’, ‘अशर इन’, ‘लाँच इंटू’. ‘ओव्हर’ पुन्हा पहिल्यापासून. ‘स्टार्ट ओव्हर’ अमेरिकेत जास्त चालतं, ब्रिटनमध्ये ‘स्टार्ट अगेन’ म्हणतात, यापलीकडे त्यावर वेळ घालवू नका.

राहिलं ‘डाउन टू’. ‘गेट डाउन टू’ला चिनीत सुरेख जोडी आहे, ‘च्वोशोव’. त्यात ‘शोव’ म्हणजे हात आणि अर्थ काय, तर कामाला हात घालणं. मराठी शिक्षकाला वेगळं काही शोधावंच लागत नाही. तसंच ‘सेट ऑफ’साठी ‘तुंगशन’, शब्दशः अंग हलवणं.

चौथी पायरी : सुरुवात कोणी केली, हे विचारायची सवय लावा

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. एक पायरी शिकवण्यापुरताच वेळ असेल तर हीच शिकवा.

चिनी विद्यार्थ्यांच्या लिखाणात हमखास सापडणारं वाक्य: ‘द वॉर वॉज ब्रोकन आउट.’ ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ त्याचंच भावंड. हे कुठून येतं? चिनीत ‘घर बांधून झालं’ अशा अर्थाचं वाक्य कर्मणीची कुठलीही खूण न लावता सरळ म्हणता येतं. इंग्रजीत तिथे ‘वॉज’ लागतं, हे शाळेत घोटून घोटून शिकवलेलं असतं. मग कर्ता दिसला नाही की हात आपोआप ‘वॉज’ लिहितो. गंमत म्हणजे युद्ध भडकणं याला चिनीत जो शब्द आहे, ‘पावफा’, तोही इथे ‘ब्रेक आउट’सारखाच कर्माशिवाय, साधाच चालतो. त्यांनी स्वतःच्या भाषेवर विश्वास ठेवला असता तर वाक्य बरोबर आलं असतं.

म्हणून प्रत्येक क्रियापदाला तीनपैकी एका खणात टाकायला लावा.

पहिल्या खणात माणूस स्वतः सुरुवात करतो: सेट ऑफ, सेट आउट, स्टार्ट आउट, गेट डाउन टू, सेट अबाउट. दुसऱ्या खणात माणूस एखादी गोष्ट सुरू करतो: सेट अप, टेक अप, किक ऑफ, स्ट्राइक अप, अशर इन, ब्रिंग अबाउट. तिसऱ्या खणात गोष्ट आपली आपण सुरू होते: ब्रेक आउट, सेट इन, किक इन, कम अबाउट. तिसऱ्या खणावर मोठ्या अक्षरात लिहा, इथे ‘वॉज’ला बंदी. ‘वॉज सेट अप’ चालतं, ‘वॉज ब्रोकन आउट’ कधीच चालत नाही.

काही क्रियापदं दोन खणांत बसतात. ‘द मॅच किक्ड ऑफ ॲट एट’ आणि ‘शी किक्ड ऑफ द मीटिंग’ दोन्ही बरोबर. त्यावर वाद होऊ द्या, वादात क्रियापद पक्कं होतं.

तिसऱ्या खणातल्या शब्दांचा मूडही सांगायला हवा, कोशातून तो कळत नाही. ‘ब्रेक आउट’ बहुधा नको असलेल्या गोष्टींचं: युद्ध, आग, साथ, भांडण, अंगावरचं पुरळ. ‘शांतता ब्रोक आउट’ असं कोणी म्हणालं तर ते थट्टेत. ‘सेट इन’ही अप्रिय, पण त्यात भडका नाही. हळूहळू येऊन मुक्काम ठोकणाऱ्या गोष्टींसाठी ते आहे: हिवाळा, संततधार, जंतुसंसर्ग, निराशा. सुट्टी ‘सेट इन’ होत नाही. ‘किक इन’ म्हणजे आधीपासून तयार असलेल्या गोष्टीचा परिणाम जाणवू लागणं: गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने वेदना कमी होतात तेव्हा ‘द पेनकिलर किक्ड इन’. हे तीन शब्द एकाच दिवशी, शेजारी शेजारी ठेवून शिकवा. वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवले तर ते पुन्हा ‘स्टार्ट’च्या डबक्यात एक होऊन जातात.

पाचवी पायरी : त्यांच्या ओळखीची गोष्ट घ्या

उदाहरणं लंडनच्या बसथांब्यावरची घेतली की विद्यार्थ्याला एकाच वेळी गोष्टही नवी आणि भाषाही नवी. गोष्ट तोंडपाठ असली म्हणजे सगळं लक्ष क्रियापदावर राहतं. माझी आवडती गोष्ट 1911 च्या क्रांतीची. मुख्य भूमी असो की तैवान, दोन्हीकडे ती शाळेत शिकवली जाते, त्यामुळे वर्गात राजकीय अवघडलेपणही येत नाही.

या क्रांतीचे नेते सन यात-सेन मूळचे डॉक्टर. 1892 साली हाँगकाँगमध्ये त्यांचं वैद्यकीय शिक्षण पुरं झालं. म्हणून पहिलं वाक्य: ‘सन स्टार्टेड आउट ॲज अ डॉक्टर.’ दुसरं: ‘इन 1894 ही सेट अप अ रेव्होल्यूशनरी सोसायटी इन होनोलुलू.’ मग 9 ऑक्टोबर 1911, हांखोमध्ये क्रांतिकारक बाँब बनवत असताना तो चुकून फुटला: ‘अ बाँब वेंट ऑफ बाय ॲक्सिडेंट.’ पोलिसांनी धरपकड सुरू केली: ‘द ब्लास्ट सेट ऑफ अ पोलीस हंट.’ दुसऱ्या दिवशी, 10 ऑक्टोबरला, नदीपलीकडे वुचांगमध्ये उठाव झाला: ‘द अपरायझिंग ब्रोक आउट इन वुचांग.’ चीनची शेवटची, छिंग राजवट कोसळली: ‘इट ब्रॉट अबाउट द फॉल ऑफ द छिंग.’ आणि प्रजासत्ताक आलं: ‘इट अशर्ड इन अ रिपब्लिक.’

सात वाक्यांत तिन्ही खण आले. आता खरा व्यायाम. ‘वेंट ऑफ’, ‘सेट ऑफ’ आणि ‘ब्रोक आउट’ यांखाली रेघ ओढा आणि विचारा, बाँब फुटला, त्याने काय पेटवलं, आणि आपोआप काय भडकलं? फुटणारा बाँब ‘गो ऑफ’ होतो. तो फोडणारा माणूस त्याला ‘सेट ऑफ’ करतो. त्या स्फोटाने पुढची साखळी सुरू झाली तर तेही ‘सेट ऑफ’. आणि प्रवासाला निघण्याचं ‘सेट ऑफ’ यातल्या कशाशीच जुळत नाही. त्याला कर्म लागत नाही.

यानंतर विद्यार्थ्यांना आपापल्या गोष्टी आणू द्या. दर्यावर्दी चंग ह 1405 साली पहिल्या सागरी मोहिमेवर निघाला, त्याला ‘सेट आउट’. शेनचेनचं विशेष आर्थिक क्षेत्र 1980 साली झालं, त्याला ‘वॉज सेट अप’. बीजिंग ऑलिंपिक 8 ऑगस्ट 2008 ला रात्री 8 वाजता सुरू झालं, त्याला ‘किक्ड ऑफ’. आठ हा आकडा तिथे किती शुभ मानतात हे ते स्वतःच सांगतील, सांगू द्या. जॅक मा यांनी सुरुवात हांगचौमध्ये इंग्रजीचे शिक्षक म्हणून केली आणि 1999 मध्ये अलिबाबा उभी केली: ‘स्टार्टेड आउट ॲज’ आणि ‘सेट अप’ एकाच वाक्यात.

आणि मराठी शिक्षकाच्या पोतडीत एक गोष्ट अशी आहे जी दुसऱ्या कोणाकडे नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला निघाले, तिथलेच झाले, चिनी बोलू लागले, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी हबेय प्रांतात वारले. चीनमध्ये त्यांचं नाव ‘ख तीह्वा’ म्हणून परिचित आहे, विशेषतः वडीलधाऱ्या पिढीत. ‘फाइव्ह डॉक्टर्स सेट आउट फॉर चायना’, ‘कोटणीस सेट अबाउट लर्निंग द लँग्वेज’. तुम्ही सोलापूर नकाशावर दाखवा, ते श-च्या-च्वांग शहरातलं कोटणीसांचं स्मारक दाखवतील. त्या दिवशी वर्ग वेळेवर संपत नाही.

सहावी पायरी : पुढे काय येतं ते बघा

अर्थ कळला, तरी वाक्य पुढच्या शब्दावर अडखळतं. ‘सेट आउट टू डू’ आणि ‘सेट अबाउट डूइंग’ यांतला फरक रूपाचाही आहे आणि अर्थाचाही: पहिल्यात मनाशी ठरवून निघणं, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाला भिडणं. ‘गेट डाउन टू’मधला ‘टू’ फसवा. त्यापुढे नाम किंवा ‘आयएनजी’ रूप येतं, ‘गेट डाउन टू रायटिंग’. ‘गेट डाउन टू वर्क’ ऐकून विद्यार्थ्यांचा समज होतो की साधं क्रियापद चालतं, पण तिथला ‘वर्क’ नाम आहे.

‘टेक अप’पुढे सहसा छंदाचं किंवा खेळाचं नाव थेट येतं, ‘टूक अप द गिटार’. ‘टूक अप टू लर्न द गिटार’ नको. आणि ‘टेक ऑन’शी गल्लत होऊ देऊ नका, ‘टेक ऑन’ म्हणजे जबाबदारी किंवा माणूस घेणं.

सर्वनामाचा नियम कडक आहे. ‘सेट अप द कंपनी’ आणि ‘सेट द कंपनी अप’ दोन्ही चालतात, पण सर्वनाम असेल तर ते मध्येच: ‘सेट इट अप’. ‘सेट अप इट’ नाही. चिनीत ‘पा’ लावून कर्म क्रियापदाच्या आधी ओढतात, मराठीत तर कर्म आधीच असतं. इंग्रजी निम्म्यावर थांबते, एवढं सांगून सरावाला लागा. ‘द शॉप? आय सेट इट अप इन मे’ अशा प्रश्नोत्तरांची झड लावा. ‘गेट डाउन टू’ मात्र फोडता येत नाही.

आणखी एक चूक, जी त्यांची तितकीच आपलीही आहे: ‘द क्लास स्टार्ट्स फ्रॉम नाइन’. चिनी ‘त्सुंग’ आणि आपलं ‘पासून’ दोन्ही तिकडेच ढकलतात. भारतीय इंग्रजीत हे इतकं रुळलंय की वर्गात ते ऐकून शिक्षकाच्या कानाला खटकतच नाही. ‘स्टार्ट्स ॲट नाइन’, ‘ऑन मंडे’. दिवा किंवा संगणक ‘ओपन’ करण्याची सवय मात्र खास त्यांची. चिनीत ‘खाय’ हा एकच शब्द दार उघडायला, दिवा लावायला आणि गाडी चालवायलाही वापरतात. तिथे ‘टर्न ऑन’ आणि ‘बूट अप’ द्या.

सातवी पायरी : जिभेवर बसवा

ही पायरी बरेच जण वगळतात आणि मग विद्यार्थी ऐकताना फ्रेझल व्हर्ब ओळखत नाही, बोलताना घाबरतो. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, अक्षराच्या शेवटी स्वर, ‘न’, ‘ङ’ किंवा ‘र’ येतो. ‘ट’ किंवा ‘क’ने संपणारं अक्षर तिथे नाहीच. म्हणून ‘सेट’ एकटा म्हणताना कोणी ‘से’ म्हणून थांबतो, कोणी ‘सेटे’ करतो.

पण फ्रेझल व्हर्बमध्ये पुढचा शब्द स्वराने सुरू होतो आणि अडचणीचीच सोय होते. ‘सेट अप’ म्हणायचं ‘से-टप’, ‘किक ऑफ’ म्हणायचं ‘कि-कॉफ’, ‘टेक अप’ म्हणायचं ‘टे-कप’, ‘ब्रेक आउट’ म्हणायचं ‘ब्रे-काउट’. इंग्रजी लोक असंच जोडून म्हणतात, आणि पहिलं अक्षर स्वराने संपल्यामुळे चिनी जिभेला ते परकं वाटत नाही. फळ्यावर मोडणी तशीच लिहा. शेवटच्या ‘फ’ला ‘फु’ होऊ न देणं तेवढं राखावं लागतं.

आघातासाठी मँडरिनच्या चार सुरांचा उपयोग करा. फ्रेझल व्हर्ब वाक्याच्या शेवटी आलं की आघात सहसा पार्टिकलवर पडतो: ‘द वॉर ब्रोक आउट’ मधला ‘आउट’. विद्यार्थ्यांना सांगा, पार्टिकल चौथ्या सुरात म्हणा, वरून झपकन खाली येणाऱ्या. काय करायचं ते त्यांना तत्काळ कळतं. नाम झालं की आघात पहिल्या भागावर सरकतो, ‘स्टार्टअप’, ‘किकऑफ’, ‘टेकऑफ’. ‘ब्रेक आउट’चं नाम तर चक्क उलटं, ‘आउटब्रेक’.

भूतकाळाची रूपं याच वेळी तोंडात बसवा. चिनीत क्रियापद काळानुसार बदलत नाही, त्यामुळे ‘ब्रोक’, ‘टूक’, ‘स्ट्रक’, ‘गॉट’ बोलण्याच्या भरात हमखास निसटतात. ‘सेट’ आणि ‘बर्स्ट’ मात्र दोन्ही काळांत तसेच राहतात, तेवढाच दिलासा. साल किंवा तारीख लावून वाक्य म्हणायला लावलं की रूप जास्त टिकतं. 1911 ची गोष्ट इथे परत वापरा.

सरावाची व्यवस्था

दर आठवड्याला एक मिनिटाचा आवाजी निरोप मागवा: या आठवड्यात काय सुरू झालं, कोणी केलं, काय आपोआप सुरू झालं. त्यांना वीचॅट या चिनी ॲपवर असे निरोप पाठवायची रोजची सवय आहे, पण भारतात वीचॅटवर जून 2020 पासून बंदी आहे आणि गूगलच्या सेवा मुख्य भूमीत सहज उघडत नाहीत. त्यामुळे साधी ध्वनिफीत ईमेलला जोडून मागवणं सगळ्यात निर्धोक. उत्तर तुम्हीही आवाजातच द्या आणि चुका मोजत बसण्याऐवजी त्यांचंच वाक्य बरोबर करून ओघात परत म्हणा.

कुठे काय वापरावं, हे शेवटी सांगा, आधी सांगितलं तर पुन्हा ‘कमेन्स’कडे पळायला निमित्त मिळतं. करारात, नोटिशीत ‘कमेन्स’ योग्यच. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधात ‘सेट अप’ आणि ‘ब्रिंग अबाउट’ बिनधास्त चालतात, ‘किक ऑफ’ तिथे टाळावं, तोंडी परीक्षेत मात्र जरूर वापरावं. सहकाऱ्याला पाठवायच्या ईमेलमध्ये ‘लेट्स किक ऑफ ॲट टेन’ लिहिलं तर कोणी नाक मुरडत नाही.

महिन्याभराने पहिल्या दिवशीचा तोच संवाद, त्याच रिकाम्या जागा, पुन्हा द्या आणि जपून ठेवलेला कागद शेजारी ठेवा. ज्या जागी अजूनही ‘बिगिन’ दिसतं तिथे विद्यार्थ्यालाच विचारा, हे मुद्दाम निवडलंस की सवयीने आलं? मुद्दाम निवडलं असेल तर सोडून द्या. सवयीने आलं असेल तर त्या जागचं एकच फ्रेझल व्हर्ब पुढच्या आठवड्याच्या निरोपात तीनदा येऊ द्या, आणि ‘लीड ऑफ’, ‘फेज इन’, ‘एंटर इंटू’ ही उरलेली मंडळी त्यानंतरच वर्गात आणा.